निकाल चांगला, तरी शेअर का पडला? दोन तारखांची गोष्ट

३१ मार्च संपला. आता कंपन्यांच्या निकालांचा हंगाम. आधी आयटीवाले, मग बँका, मग बाकीचे. मेअखेरपर्यंत रोज कुणाचा ना कुणाचा निकाल.

परवा पुतण्याने मोबाईल पुढे केला. "काका, पक्की टिप आहे. या कंपनीचा निकाल जबरदस्त येणार. आदल्या दिवशी कॉल ऑप्शन घेऊन ठेवायचा, दुसऱ्या दिवशी पैसे दुप्पट!" पोरगं इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि पैसे मेसचे. मी रागावलो नाही. म्हटलं बस, तुला दोन तारखा सांगतो. त्याच इथे लिहितोय, कारण असे पुतणे आता घरोघरी आहेत.

पहिली तारीख १० एप्रिल २००३.

आदल्या दिवशी बगदाद पडलं होतं. सद्दामचा पुतळा पाडताना सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिलं. आपल्याकडे शेअर बाजाराची नजर मात्र इन्फोसिसच्या वार्षिक निकालावर होती. १९८१ साली पुण्यात सात जणांनी सुरू केलेली ही कंपनी. १९९३ मध्ये तिचा शेअर ९५ रुपयांना विकायला काढला, तेव्हा पुरेसे घेणारेसुद्धा मिळाले नव्हते. पुढच्या दहा वर्षांत तीच मध्यमवर्गाची लाडकी झाली. ज्याच्याकडे इन्फोसिस, त्याला सोसायटीत मान!

निकाल आला. सरलेल्या वर्षात विक्री वाढली होती, नफाही वाढला होता. घोटाळा नव्हता, तोटा नव्हता. कंपनीने फक्त एवढंच प्रामाणिकपणे सांगितलं, की परदेशी ग्राहक दर कमी करायला लावत आहेत, त्यामुळे पुढच्या वर्षीची वाढ तुम्ही समजताय तेवढी नसेल. झालं! एका दिवसात शेअर २५ टक्क्यांहून जास्त कोसळला. सोबत बाकीचे आयटी शेअरही गडगडले. ब्रोकरच्या ऑफिसात स्क्रीनसमोर उभी असलेली माणसं मला अजून आठवतात. जो तो एकच विचारत होता, "अहो, पण नफा तर झालाय ना?"

नफा झालाच होता. पण शेअरचा भाव नफ्यावर ठरत नाही, अपेक्षेवर ठरतो. घरात पोराला ९५ टक्के पडतील असं धरून पेढे आणून ठेवले आणि ८८ पडले, तर ८८ वाईट नसतात, तरी घरात सुतक असतं. बाजाराचंही तसंच. सगळ्यांना माहीत असलेली चांगली बातमी भावात आधीच शिरलेली असते. १२ एप्रिल २०१३ ला पुन्हा हेच घडलं. त्याच कंपनीने पुढच्या वर्षासाठी ६ ते १० टक्के वाढीचा अंदाज दिला, बाजाराला तो कमी वाटला आणि शेअर दिवसात २१ टक्के पडला.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. २००३ च्या त्या एप्रिलमध्ये सेन्सेक्स ३००० च्या आसपास घुटमळत होता. जानेवारी २००८ मध्ये तो २१००० ला शिवून आला. इन्फोसिसनेही वर्षभरातच १ अब्ज डॉलर विक्रीचा टप्पा ओलांडला. म्हणजे ज्याने स्वतःच्या पैशाने शेअर घेतले होते आणि थांबला, तो वाचला. ज्याने उधारीवर किंवा आठवड्याच्या मुदतीवर डाव लावला होता, त्याला थांबायची सोयच नव्हती. कंपनी एकच, निकाल एकच. फरक होता पैसा कुणाचा आणि किती दिवसांचा, याचा.

दुसरी तारीख ७ जानेवारी २००९.

हाही निकालांच्या हंगामाचाच तोंडावरचा आठवडा. हैदराबादची सत्यम तेव्हा देशातल्या पहिल्या चार-पाच आयटी कंपन्यांत होती. पन्नास हजारांवर कर्मचारी. उत्तम कारभारासाठीचा गोल्डन पीकॉक पुरस्कार काही महिन्यांपूर्वीच मिळालेला. डिसेंबरमध्ये मात्र एक शंकेची पाल चुकचुकली होती. प्रवर्तकांच्या कुटुंबाशी संबंधित दोन मेटास कंपन्या १.६ अब्ज डॉलरला विकत घेण्याचा बेत कंपनीने जाहीर केला, आणि गुंतवणूकदार भडकल्यावर काही तासांत मागे घेतला. मेटास हे नाव इंग्रजीत उलटं वाचलं की सत्यम होतं!

मग ७ तारखेला अध्यक्ष रामलिंग राजू यांचं पत्र आलं. ताळेबंदात दाखवलेल्या रोकडीपैकी ५०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. सप्टेंबर तिमाहीत कामकाजातला नफा ६४९ कोटी दाखवला होता, पत्रानुसार खरा होता ६१ कोटी. आपण वाघावर बसलो होतो आणि उतरलो तर तो खाईल, अशी भीती होती, असंही त्यांनी लिहिलं. त्या दिवशी शेअर जवळपास ७८ टक्के पडला, सेन्सेक्स ७४९ अंकांनी. पुढे एप्रिलमध्ये टेक महिंद्राने कंपनी ५८ रुपये भावाने घेतली, म्हणून नोकऱ्या बऱ्याच वाचल्या. राजूंना २०१५ मध्ये शिक्षा झाली.

तिमाहीमागून तिमाही इथे निकाल "चांगले" येत होते. लेखापरीक्षकाची सही होती, पुरस्कार होता. इथे आकडाच खोटा होता, मग तो आधी फुटला असता तरी काय उपयोग?

म्हणजे बघा, एका तारखेला आकडा खरा आणि अपेक्षा फुगलेली. दुसऱ्या तारखेला आकडाच फुगवलेला. "निकाल चांगला येणार" ही टिप दोन्ही वेळा बरोबर ठरली असती, आणि दोन्ही वेळा माणूस बुडाला असता.

ऑप्शनमध्ये तर तिसरी मेख आहे. निकाल जवळ आला की मोठ्या हालचालीच्या आशेने प्रीमियम आधीच चढतो. निकाल लागला की अनिश्चितता संपते आणि प्रीमियममधली हवा जाते. शेअर थोडा वर जाऊनही कॉल घेणाऱ्याला तोटा होतो, तो असा. सेबीचाच अभ्यास आहे, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमधल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला. मिळून १.८ लाख कोटींहून जास्त. हा पैसा आकाशातून आला नव्हता, अशाच मेसच्या, पगाराच्या, गावाकडच्या खात्यांतून गेला.

मी शेअर घेऊ नका म्हणत नाही, मी स्वतः घेतो. पण निकाल वाचायचाच तर नफ्याच्या मथळ्यावर थांबू नका. नफ्याएवढी रोकड खरंच हातात येतेय का बघा. प्रवर्तकांनी शेअर गहाण टाकलेत का बघा. सत्यमनंतर सेबीने ते उघड करणं सक्तीचं केलंय. लेखापरीक्षक मध्येच सोडून गेला असेल तर का, ते विचारा. आणि निकालाच्या आदल्या रात्री डाव लावायचा मोह झालाच, तर हा पैसा उद्या नसला तर काय अडेल, एवढं स्वतःला विचारा.

पुतण्याने तो कॉल घेतला की नाही, मी विचारलं नाही. संध्याकाळी त्याने मेस भरल्याची पावती पाठवली, तेवढ्यावर मी खूश आहे. तुमच्याही घरात असा पुतण्या, भाचा असेल तर रागावण्याआधी या दोन तारखा त्याला सांगा.