लोकरीचें दुकान आणि गिऱ्हाइकाचें स्वातंत्र्य

व्यापाराचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार बहुधा मोठ्या पेढ्या, गलबतें, गिरण्या आणि कंपन्या यांच्याकडे पाहतात. लहान गांवांतील लहान दुकान त्यांच्या नजरेस पडत नाहीं; आणि तें दुकान जर लोकरीच्या लडींचें व विणण्याच्या सुयांचें असेल, तर त्याला कांहीं इतिहास असेल हें कोणाच्या मनांतही येत नाहीं. चार बायका येतात, रंग पाहतात, भाव करतात आणि जातात, एवढ्यावरच त्याची बोळवण होते. आमचें मत निराळें आहे. ह्या दुकानांत मालाबरोबर एक विद्याही द्यावी लागते. कारण जिला विणतां येत नाहीं तिनें लोकर विकत घेऊन करावयाचें काय? लोकर विकणाराला गिऱ्हाइकाचा गुरु व्हावेंच लागतें. मग प्रश्न असा उत्पन्न होतो कीं, हा गुरु शिष्येला आपल्यावर अवलंबून ठेवतो कीं मोकळी करतो? एडिंबरो, लर्विक आणि पिट्सव्हिल ह्या तीन ठिकाणच्या हकीकतींवरून ह्या प्रश्नाचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम ह्या विद्येचें स्वरूप थोडक्यांत सांगणें जरूर आहे. आपल्याकडे लोकरीचें विणकाम म्हटलें म्हणजे घोंगडी डोळ्यांपुढें येते. परंतु घोंगडी मागावर होते. तिला ताणा व बाणा असे दोन्ही लागतात. सुयांवरच्या विणकामांत धागा एकच असतो. तो टाक्यांतून टाका काढीत पुढें सरकतो, आणि मधला एक टाका निसटला तर त्याच्या खालची ओळच्या ओळ उसवत जाते. मूळ टाके दोनच, सुलट आणि उलट. बाकीचा सारा विस्तार त्यांचाच. दोन सुया व थोडी लोकर एवढ्या भांडवलावर चालणारी ही कला युरोपांत एके काळीं गरिबांच्या चरितार्थाचें साधन होती. १५८९ सालीं विल्यम ली ह्या इंग्रज गृहस्थानें मोजे विणण्याचें यंत्र काढिलें. तें सर्वत्र पसरावयास पुष्कळ काळ लागला. तरी यंत्रें जसजशीं सुधारत गेलीं तसतसा हातच्या विणकामाचा बाजारांतील भाव उतरत गेला. ही कला मग मुख्यतः दोन प्रकारच्या घरांत टिकून राहिली: जेथें दुसरें कामच मिळत नसे अशा गरिबांच्या, आणि जेथें काम करण्याची गरज नसे अशा सुखवस्तूंच्या.

सुखवस्तु घरांना लोकर पुरविणारें एक दुकान एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत एडिंबरो शहरांत जॉर्ज स्ट्रीटवर होतें. जेन गोगेन ह्या बाई व त्यांचे यजमान हा व्यवसाय करीत. त्या काळीं जर्मनींतून येणाऱ्या मऊ व रंगीत लोकरीची ब्रिटनमधील स्त्रियांना मोठी हौस लागली होती. तिला बर्लिन लोकर असें म्हणत. गोगेनबाई स्वतः निष्णात विणणाऱ्या होत्या. आतां, दुकानांत उभ्या उभ्या शिकलेला नमुना घरीं पोंचेपर्यंत मनांतून निसटतो, हा अनुभव ही कला शिकलेल्या कोणालाही परका नाहीं. १८४० सालीं बाईंनीं 'द लेडीज असिस्टंट' ह्या नांवाचें पुस्तक प्रसिद्ध केलें आणि त्यांत टाक्यांना अक्षरांच्या खुणा ठरवून दिल्या: सुलट टाक्याला एक अक्षर, उलट टाक्याला दुसरें, टाका वाढविणें व कमी करणें यांना आणखी निराळीं. विणकामाला लिपि देण्याचा हा अगदीं आरंभींचा यत्न होय. आपल्याकडे पंडित भातखंडे यांनीं घराण्यांच्या चिजा स्वरलिपींत उतरविल्या, तेव्हां जी गोष्ट घडली तीच येथेंही घडली. जी विद्या हातोहात जात होती ती कागदावर बसली, आणि जिच्या घरीं शिकविणारी आत्या किंवा आजी नव्हती तिलाही ती खुली झाली.

परंतु लिपीला दुसरी बाजू असते. चीज कागदावर आली म्हणजे गायकी आली असें होत नाहीं. गोगेनबाई १८६० सालीं निवर्तल्या. त्यांचीं अक्षरें पुढें बदललीं, पण खुणांची रीत कायम राहिली. विसाव्या शतकांत लोकर कातणाऱ्या मोठ्या कारखान्यांनीं नमुन्यांचीं पत्रकें छापण्यास सुरुवात केली. अमुक कारखान्याचीच लोकर घ्या, अमुक जाडीच्याच सुया घ्या, इतके टाके घाला, इतक्या ओळी विणा, असें त्यांत लिहिलेलें असे. विणणारी त्या आज्ञा पाळीत जाई आणि स्वेटर तयार होई. मात्र तो तसाच कां झाला, हें तिला सांगतां येत नसे. मुक्त करण्यासाठीं निघालेली लिपि अशा रीतीनें मालाच्या खपाची दासी झाली.

स्कॉटलंडच्याही उत्तरेस शेटलंड नांवाचीं बेटें आहेत. लर्विक हें त्यांतील मुख्य गांव. तेथें विणकाम हौसेसाठीं नव्हतें, भाकरीसाठीं होतें. तेथील स्त्रिया जाळीसारख्या नाजूक शाली विणीत. त्यांना शिकविण्याची कोणाला गरज नव्हती. विद्येत त्या कोणाही पुस्तककर्त्रीहून वरचढ होत्या. तरीही त्या पराधीन होत्या, कारण विकत घेणारा व किंमत ठरविणारा दुकानदारच होता. विणणारींना शालीचा मोबदला रोख पैशांत न देतां चहा, कापड असल्या मालाच्या रूपानें द्यावयाचा, अशी तेथील वहिवाट होती. विल्यम गथ्री ह्या सरकारी आयुक्तानें ह्या प्रकाराची चौकशी करून स्त्रियांच्या जबान्या घेतल्या. तो अहवाल १८७२ सालीं बाहेर आला. घरांत पीठ नाहीं आणि हातीं चहाची पुडी, मग तो चहा दुसऱ्या कोणास देऊन पीठ मिळवावयाचें, अशी ती दशा होती. ती वाचल्यावर कोणाही सहृदय मनुष्यास खेद झाल्यावांचून राहणार नाहीं. शालीची कीर्ति राजवाड्यापर्यंत गेली होती. पैसा मात्र विणणारीच्या हातीं क्वचितच येई. सबब, विद्या असली म्हणजे स्वातंत्र्य आलेंच, असें समजण्याचें कारण नाहीं. दुकानाची हिशेबाची वही कोणाच्या हातीं आहे, हेंही पाहावें लागतें.

हीं दोन चित्रें डोळ्यांपुढें ठेवून आतां आपण अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांत जाऊं. त्या राज्याच्या मध्यभागीं पिट्सव्हिल म्हणून एक लहानसें गांव आहे. २०२० च्या खानेसुमारींतही त्याची वस्ती हजाराच्या आंतच भरली. तेथें एका जुन्या शाळेच्या इमारतीचें घर करून एलिझाबेथ झिमरमन ह्या बाई राहिल्या. त्यांचा जन्म १९१० सालीं इंग्लंडांत झाला. आई व आत्या-मावश्यांकडून त्या इंग्रजी पद्धतीनें विणावयास शिकल्या. पुढें स्विस शिक्षिकेकडून, धागा डाव्या हातांत धरण्याची जर्मन पद्धत त्यांनीं उचलली. चित्रकलेचें शिक्षण त्यांनीं स्वित्झर्लंडांत व म्यूनिक येथें घेतलें. यजमान आर्नोल्ड झिमरमन हे बीअर बनविण्याच्या धंद्यांतले जाणते जर्मन गृहस्थ. नाझी अमलाखालचा देश सोडून हें जोडपें १९३७ सालीं अमेरिकेस गेलें.

तेथें बाई मासिकांना नमुने देऊं लागल्या. त्यांचा आग्रह असा असे कीं, स्वेटर गोल सुईवर नळीसारखा सलग विणावा. तुकडे विणून मागाहून शिवीत बसूं नये. एका मासिकानें त्यांचा असा एक नमुना घेतला, परंतु छापतांना त्यांची कृति पालटून ती प्रचलित रीतीप्रमाणें सपाट तुकड्यांची केली. ज्या गोष्टीसाठीं तो नमुना रचला होता तीच त्यांतून गेली. लेखणी धरणाऱ्या कोणाही माणसास हें दुःख समजेल. बाईंनीं तक्रार करीत न बसतां १९५८ सालीं स्वतःचें छोटें वार्तापत्र काढिलें, आणि त्यांत आपली कृति आपल्याच शब्दांत दिली. १९५९ सालापासून त्यांचा लोकर, सुया व पुस्तकें टपालानें पाठविण्याचा व्यवहार सुरू झाला. शाळेच्या त्या घरावरून ह्या संस्थेला स्कूलहाउस प्रेस हें नांव मिळालें. कृत्रिम धागा स्वस्त झाला होता व बाजार त्याकडे वळत होता अशा काळांत बाई शुद्ध लोकरीचा पुरस्कार करीत राहिल्या.

आतां त्यांच्या दुकानाचा विशेष कोणता तें सांगतों. 'निटिंग विदाउट टिअर्स' ह्या १९७१ सालच्या पुस्तकांत त्यांनीं नमुन्यांऐवजीं हिशेब शिकविला. प्रथम हातांतील लोकरीचा लहानसा तुकडा विणून पाहा व इंचास किती टाके बसतात तें मोजा. समजा, पांच बसले आणि छातीचा घेर चाळीस इंच हवा आहे. म्हणजे अंगाचे टाके २०० झाले. ही संख्या शंभर टक्के धरा. मनगटाला तिचे २० टक्के म्हणजे ४० टाके, दंडाच्या बाहीला सुमारें एकतृतीयांश म्हणजे ६६, काखेंत ८ टक्के म्हणजे १६. लोकर जाड असो वा बारीक, मूल असो वा पहिलवान, प्रमाण तेंच. ह्या एका कोष्टकानें पत्रकांची सारी गुलामगिरी सुटते, कारण कोष्टकाला लोकरीच्या कारखान्याचें नांव विचारावें लागत नाहीं.

त्यांची वाटोळी शाल तर भूमितीचाच धडा आहे. नऊ टाक्यांनीं आरंभ करून ते लगेच दुप्पट करावयाचे. मग तीन फेऱ्यांनंतर दुप्पट, पुढें सहा फेऱ्यांनंतर, बारा फेऱ्यांनंतर, चोवीस फेऱ्यांनंतर, असें अंतर दुणावीत टाके दुप्पट करीत जावयाचें. त्रिज्या दुप्पट झाली कीं परीघ दुप्पट होतो, हा शाळेंत सर्वांनीं घोकलेला सिद्धांत. पण त्याचें फळ असें कीं, दोन वाढींच्या मधल्या विस्तीर्ण पट्ट्यांत विणणारीनें वाटेल ती नक्षी घालावी, मोजदाद मध्यें येत नाहीं. आपल्या युक्त्यांवर बाईंनीं मालकीही फारशी सांगितली नाहीं. अशी युक्ति पूर्वीं कोठें तरी कोणाला सुचली असणारच, असें मानून त्यांनीं 'शोध लावणें' ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दाऐवजीं 'अनव्हेंट' असा एक नवाच शब्द घडविला होता. एखादी जुनी वस्तु पुन्हा उकरून काढणें, असा त्याचा भाव.

येथें व्यवहारी वाचक विचारतील कीं, गिऱ्हाइकाला अशा रीतीनें शहाणें करून सोडणारें दुकान चालावें कसें? ज्याला कोष्टक आलें तो पत्रकें कशाला विकत घेईल? आक्षेप रास्त आहे. पण लोकर संपणारी वस्तु आहे. दिलेल्या नमुन्यावर अवलंबून राहणारी तो नमुना संपला म्हणजे थांबते. जिला कोणत्याही लोकरीचा कोणताही कपडा करतां येतो तिला थांबण्याचें कारण उरत नाहीं. १९७४ सालीं बाईंनीं विणणारांचें शिबिर भरविण्यास प्रारंभ केला. १९९९ सालीं त्या निवर्तल्या. त्यांच्या पश्चात् शिबिर व दुकान हीं दोन्ही त्यांच्या कन्या मेग स्वान्सन यांनीं चालू ठेविलीं.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, व तो आम्ही टाळूं इच्छीत नाहीं. हें औदार्य ज्याचें पोट भरलेलें आहे त्यासच परवडतें. झिमरमनबाईंच्या घरीं यजमानांचा धंदा होता. त्यांचीं गिऱ्हाइकेंही हौसेखातर विणणारीं होतीं. लर्विकच्या विणणारीला टक्क्यांचें कोष्टक देऊन काय होणार होतें? तिला कोष्टक नको होतें, रोख दाम हवे होते. हें आम्हांस कबूल आहे. किंबहुना ह्या दोन गांवांना एकत्र आणण्याचा आमचा हेतु हाच कीं, हस्तकौशल्याची थोरवी गाणारांनीं लर्विकची वही विसरूं नये, आणि त्या वहीनें खिन्न झालेल्यांनीं पिट्सव्हिलचें कोष्टकही पाहावें.

आजही आपल्या गांवोगांवीं, एखादी हौशी बाई घरच्या पुढल्या खोलींत फळ्या ठोकून लोकरीच्या लडी मांडते, तेव्हां तिच्यापुढें हेच तीन मार्ग असतात. ती नमुन्याचा कागद देऊं शकते. विणून घेऊन स्वस्तांत विकत घेऊं शकते. किंवा समोरच्या मुलीला बसवून, "आधीं चार बोटें विणून दाखव, मग टाके मोजूं," असें म्हणूं शकते. पहिल्यांत उपकार आहे, दुसऱ्यांत नफा आहे. तिसऱ्याला वेळ मोडतो, आणि त्या दिवशीं कदाचित् एकही लड खपत नाहीं. पण ती मुलगी घरीं जाते ती स्वतःचा हिशेब घेऊन जाते. आमची शिफारस तिसऱ्या मार्गाची आहे.