ठरलेली थैली आणि जड झालेले करार

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासावर एखादा लेख लिहावा, अशी सूचना संपादक मंडळाने केली, तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे प्रथम उभा राहिला तो आपला बुढापारा. बुढा तलावाचा काठ आणि बालपणी सुमारे दोन वर्षे याच पाऱ्यात राहून गेलेले विवेकानंद, हे विषय आपल्या वाचकांच्या परिचयाचे आहेत. त्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे व पुढेही लिहिले जाईल. आम्ही मात्र येथे एका हिशेबाचा इतिहास सांगणार आहोत. ज्या संस्थेची थैली ठरलेली असते, तिला एखादा जुना करार जड झाला म्हणजे ती काय करते आणि ते ओझे अखेर कोणाच्या खांद्यावर जाते, हा आमचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे निमित्त हॉकीचे आहे. २०१५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आपल्या रायपूरच्या सरदार वल्लभभाई पटेल मैदानावर जागतिक हॉकी लीगची अंतिम स्पर्धा झाली. ऑस्ट्रेलियाने बेल्जियमला हरवून अजिंक्यपद मिळविले आणि भारताने नेदरलँड्सवर मात करून कांस्यपदक घेतले, हे आपल्यापैकी अनेकांनी प्रत्यक्ष पाहिले. त्यानंतर काही वर्षांनी कॅनडात स्थायिक झालेला आमचा पुतण्या सुटीत घरी आला असता, तलावाच्या काठावर फिरताना आम्ही त्या सामन्यांचे वर्णन करू लागलो. तो हसून म्हणाला, "काका, आमच्याकडे हॉकी म्हटले की बर्फावरचीच. आणि तिथले लोक गोलांइतकीच चर्चा पगाराच्या हिशेबाची करतात." त्याने त्या संध्याकाळी जे सांगितले त्याचा आम्ही पुढे सवडीने शोध घेतला. सातासमुद्रापलीकडचा तो हिशेब आपल्या छत्तीसगडच्या इतिहासात आम्हांस पूर्वीच भेटलेला होता, असे तेव्हा ध्यानात आले.

प्रथम तिकडची हकीकत. उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीग ही संस्था १९१७ साली माँट्रियल येथे स्थापन झाली. संघमालक व खेळाडू यांच्यात वेतनावरून इतका तीव्र झगडा झाला की, २००४-०५ चा संपूर्ण हंगाम रद्द करावा लागला. त्या झगड्यातून वेतनमर्यादा जन्मास आली. २००५-०६ मध्ये प्रत्येक संघाने आपल्या सर्व खेळाडूंवर मिळून ३ कोटी ९० लाख डॉलरांपेक्षा अधिक खर्च करू नये, असे ठरले. धनाढ्य शहराने सारे उत्तम खेळाडू विकत घ्यावेत आणि लहान शहराने नुसते पाहत राहावे, ही स्थिती पालटावी, हा त्यातील हेतू. हेतू चांगला होता, हे प्रथमच नमूद केले पाहिजे. मर्यादेप्रमाणेच किमान खर्चाचा एक तळही ठरविण्यात आला, म्हणजे कोणी मालक कृपणपणाने नाममात्र संघ उभा करू नये.

लीगचे उत्पन्न वाढत गेले तशी मर्यादाही वाढत गेली. संघचालकांनी या वाढीवर विश्वास ठेवून सात-सात, आठ-आठ वर्षांचे करार केले. आज जी रक्कम भारी वाटते ती चार वर्षांनी हलकी वाटेल, असा त्यांचा अंदाज. परंतु मार्च २०२० मध्ये महामारीमुळे खेळ थांबला, प्रेक्षागृहे रिकामी पडली आणि त्याच वर्षीच्या जुलैत झालेल्या समझोत्यानुसार मर्यादा ८ कोटी १५ लाख डॉलरांवर गोठली. २०१९-२० पासून सलग तीन हंगाम ती तेवढीच राहिली. पुढील दोन वर्षांत ती दरवर्षी अवघ्या १० लाखांनी सरकली. छप्पर वाढणार म्हणून लांब वासे आणून ठेवावेत आणि छप्पर आहे तेवढेच राहावे, तशी संघांची गत झाली.

मग या जड झालेल्या करारांचे करायचे काय? खेळाडूस काही रक्कम देऊन करार मोडता येई; परंतु त्या रकमेचा भार उरलेल्या मुदतीच्या दुप्पट वर्षे हिशेबात चढत राही. खेळाडू दुसऱ्या संघास देताना निम्म्यापर्यंत वेतनाचा बोजा स्वतःकडे ठेवता येई. पण सर्वांत सरळ मार्ग म्हणजे, ज्याच्या थैलीत जागा आहे अशा संघाच्या पदरात तो करार घालणे. मात्र ओझे कोणी फुकट उचलत नाही. उचलणाऱ्यास वर काही भेट द्यावी लागे. ही भेट बहुधा होतकरू तरुण खेळाडू निवडण्याच्या हक्काची असे. सामान्य व्यवहारात माल देणाऱ्यास किंमत मिळते. येथे माल देणाराच किंमत मोजतो!

ही प्रथा मर्यादा गोठण्यापूर्वीच रूढ झालेली होती. करार हिशेबात धरताना दरवर्षीची सरासरी रक्कम धरीत. प्रत्यक्ष पैसे मात्र पहिल्या वर्षांत अधिक व शेवटी थोडे द्यावयाचे, असे करार पुष्कळ असत. त्यामुळे अखेरच्या वर्षांत असा करार कागदावर जड पण खिशाला हलका होई. ॲरिझोनाच्या संघास किमान खर्चाचा तळ गाठावयाचा असे आणि जवळ पैसा थोडा. त्यास हे करार सोयीचे पडत. डोळ्याच्या इजेमुळे २०११ नंतर न खेळलेला क्रिस प्राँगर २०१५ मध्ये कागदोपत्री ॲरिझोनाचा खेळाडू झाला आणि त्याच वर्षी निवृत्त थोरांच्या सन्मानगृहात त्याचा समावेशही झाला. २०१६ मध्ये पावेल दात्सुक स्वदेशी, रशियास, परतला. त्याचा ७५ लाख डॉलरांचा हिशेब उतरविण्यासाठी डेट्रॉइटने आपली निवडीची सोळावी पाळी ॲरिझोनास दिली व विसावी घेतली. माणूस एका देशात, त्याचा करार दुसऱ्या देशात, आणि दोहोंची गाठ कधीच पडली नाही.

पॅट्रिक मार्लो याची कथा आम्हांस विशेष हृद्य वाटते. २०१९ च्या जूनमध्ये टोरोंटोला या एकोणचाळीस वर्षांच्या खेळाडूच्या कराराचे शेवटचे एक वर्ष, साडेबासष्ट लाख डॉलरांचे, जड झाले. त्याला कॅरोलायनाकडे पाठविताना टोरोंटोने सोबत पुढील वर्षीच्या निवडीचा पहिल्या फेरीतील हक्क देऊ केला. कॅरोलायनाने मार्लोचा करार रक्कम देऊन लगेच संपविला आणि त्या हक्कातून पुढे सेथ जार्व्हिस हा गुणी तरुण मिळविला. हिशेबवहीत मार्लो म्हणजे केवळ उतरविण्याजोगे ओझे होते. परंतु तो आपल्या जुन्या सॅन होजे संघात परतला आणि १९ एप्रिल २०२१ रोजी आपला १,७६८ वा सामना खेळून त्याने गॉर्डी हाऊ यांचा सर्वाधिक सामन्यांचा विक्रम मोडला. वहीतील वजन आणि माणसाची योग्यता ही दोन निरनिराळी मापे आहेत, याचे याहून स्पष्ट उदाहरण आमच्या वाचनात नाही.

मर्यादा गोठल्यावर या व्यवहारास अधिकच धार आली. लास वेगसच्या संघाचा पहिल्या हंगामापासूनचा लाडका गोलरक्षक मार्क-आंद्रे फ्लरी याने २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट गोलरक्षकाचा व्हेझिना करंडक पटकावला. पुढच्याच महिन्यात संघाने त्याला जवळजवळ काहीही मोबदला न घेता शिकागोस देऊन टाकले, कारण त्याचे ७० लाख डॉलर थैलीतून मोकळे करावयाचे होते. २०२२ मध्ये मॅक्स पॅचिओरेटी हाही तसाच कॅरोलायनाकडे गेला. सोबत एक तरुण बचावपटूही द्यावा लागला. येथे प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की, हाच वेगसचा संघ जून २०२३ मध्ये स्टॅनले करंडकाचा मानकरी ठरला. कठोर हिशेब फळास येतो, हे नाकारून चालणार नाही. प्रश्न त्याची किंमत कोण देतो एवढाच आहे. मोठ्या खेळाडूचा करार पक्का असतो. तो कोठेही गेला तरी त्याचे वेतन त्याला मिळते. चणचण सोसावी लागली ती मधल्या फळीच्या अनुभवी खेळाडूंना. थैलीत जागा नाही म्हणून त्यांना किमान वेतनावर उभे राहावे लागले.

ही हकीकत वाचताना आम्हांस छत्तीसगडच्या सुभेदारीची आठवण झाली. १७८७ मध्ये बिंबाजी भोसले यांच्या निधनानंतर नागपूरकर भोसल्यांनी हा मुलूख सुभेदारांकरवी चालविला. ही व्यवस्था १८१८ पर्यंत टिकली. सुभेदारी ही मक्त्यासारखी होती. जो नागपुरास अधिक रक्कम भरण्याचे कबूल करी, त्याच्याकडे ती जाई. आता मुलखाचे उत्पन्न तर ठरलेले. पाऊस बोलीप्रमाणे वाढत नाही. ज्याने उत्साहाच्या भरात मोठी बोली केली, त्याचा करार पहिल्याच वर्षी जड होई. मग तो आपले ओझे परगण्याच्या कमाविसदारावर घाली, कमाविसदार गावच्या गौंटियावर आणि गौंटिया रयतेवर. रयतेच्या खाली कोणी नव्हते. म्हणून ओझे तेथेच थांबे. हे सुभेदार, हे कारकून आपल्याच भाषेत हिशेब लिहीत होते, आणि या मुलखातील आपल्या समाजाचा वृत्तांत त्या राजवटीशी जोडलेला आहे. तेव्हा हा दोषही आपल्या इतिहासाचा भाग म्हणून आपण स्वीकारला पाहिजे. पुढे इंग्रजांच्या देखरेखीत कर्नल ॲग्न्यू यांनी राजधानी रतनपुराहून रायपुरास आणली आणि आपले हे शहर आजच्या मार्गास लागले.

आता वर्तमानाकडे वळू. महाराष्ट्राच्या मातीतील कबड्डी हा खेळ एकेकाळी केवळ हौसेचा होता. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांच्यासारख्यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धांत त्याला स्थान मिळाले. चांगल्या खेळाडूला रेल्वेत वा एखाद्या कंपनीत नोकरी मिळे, आणि गुडघा गेला तरी नोकरी राही. २०१४ मध्ये व्यावसायिक लीग सुरू झाली व लिलाव आला. त्या वर्षी सर्वांत महाग ठरलेल्या राकेश कुमारची बोली १२ लाख ८० हजार रुपयांची होती. पुढे थैली मोठी झाली, पण तीही गोठते: २०१९, २०२१ व २०२२ या तिन्ही हंगामांत ती संघामागे ४ कोटी ४० लाख होती, तर २०२३ पासूनचे तीन हंगाम ५ कोटी. २०२२ मध्ये तमिळ थलायवाज संघाने पवन सेहरावत याच्यावर २ कोटी २६ लाख, म्हणजे निम्म्याहून अधिक थैली, खर्च केली. पहिल्याच सामन्यात त्याच्या गुडघ्यास इजा झाली आणि तो हंगामभर बाहेर राहिला. उरलेल्या निम्म्या थैलीतील तरुणांनी संघास प्रथमच उपान्त्य फेरीत नेले! पुढल्या वर्षी पवन २ कोटी ६० लाख ५० हजारांना तेलुगू टायटन्सकडे गेला आणि तो संघ तळाला राहिला. त्याच हंगामाचे विजेतेपद अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली आपल्या पुणेरी पलटणने १ मार्च २०२४ रोजी जिंकले.

आपल्याकडे करार अल्प मुदतीचे असल्याने जड खेळाडू भेटीसह दुसऱ्याच्या गळ्यात घालावा लागत नाही; त्याला मुक्त करून लिलावात सोडले की काम भागते. क्रिकेटमध्येही नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईने हार्दिक पंड्याच्या १५ कोटींसाठी जागा करताना कॅमेरून ग्रीनला त्याच्या साडेसतरा कोटींसह बंगळुरूकडे रोखीने सुपूर्द केले. ग्रीन काही वाईट खेळाडू नव्हता. थैलीत दोघे मावत नव्हते, एवढेच. तात्पर्य, आपली पद्धत मालकास हलकी आहे, परंतु खेळाडूस तिच्यात अमेरिकेतल्यासारखी पक्क्या कराराची हमी नाही. तेथे चुकीच्या कराराचे ओझे संघ वाहतो वा किंमत देऊन दुसऱ्यास देतो. येथे ते पुष्कळदा खेळाडूच्या गुडघ्यावरच राहते. जुन्या नोकरीची शाश्वती आणि नव्या लिलावाचे वैभव यांचा मेळ घालण्याचे काम अद्याप शिल्लक आहे.

वाचक म्हणतील, सुवर्णमहोत्सवात हा हिशेब कशाला? मंडळाचे जमाखर्च पाहण्याचे काम काही वर्षे आमच्याकडे होते, म्हणून. वर्गणी ठरलेली, देणग्यांची खात्री नाही, आणि गणेशोत्सवाच्या उत्साहात कोणा ना कोणास काही तरी कायमचे देण्याचे कबूल केलेले! एका वर्षी आम्हीच आनंदाच्या भरात अशी एक कायमची जबाबदारी मंडळाच्या माथी घेतली. पुढे ती झेपेना. तेव्हा आम्ही ती युक्तीने तरुण कार्यकर्त्यांच्या समितीकडे सोपविली, आणि त्यांची दोन वर्षे त्यातच गेली. त्यांनी ज्या नाटकाची तालीम सुरू केली होती ते नाटक रंगमंचावर आलेच नाही. टोरोंटोने मार्लोबरोबर भविष्याचा हक्क देऊन टाकला, असे वाचले तेव्हा आम्हांस ते न झालेले नाटक आठवले. त्या तरुणांची आम्ही या लेखाद्वारे क्षमा मागतो.

ठरलेली थैली ही वाईट गोष्ट नव्हे. तीच लहानास मोठ्यापुढे उभे राहू देते. दिलेला शब्दही मोडू नये. परंतु शब्द देताना थैली वाढेलच असे धरू नये, आणि तो जड झाल्यास ज्याने दिला त्यानेच त्याचा भार प्रथम उचलावा. पुढील पन्नास वर्षांच्या कारभाऱ्यांच्या हाती आपण या वह्या सोपवू, तेव्हा त्यांत जुनी ओझी कमी आणि निवडीचे हक्क अधिक असावेत, एवढीच श्रीचरणी प्रार्थना करून आम्ही येथे थांबतो.