काचेच्या तारेची मालकी कुणाची?

मार्कशीट, जातीचा दाखला, आंदोलनाचे फोटो आपण ‘क्लाऊड’वर ठेवतो. नावामुळे वाटते, ते आभाळात कुठेतरी आहे. मित्रहो, आभाळात काही नाही! सगळे जमिनीखाली आणि समुद्राच्या तळाशी आहे. केसासारख्या बारीक काचेच्या तारा आणि त्यांच्या टोकाला डेटा सेंटर. जमिनीतल्या प्रत्येक गोष्टीला मालक असतो. म्हणून या तारेचा इतिहास आपण वाचला पाहिजे.

१८७० मध्ये सुएझ-एडनमार्गे तारायंत्राची केबल मुंबईला पोहोचली. टाकली खाजगी ब्रिटिश कंपनीने, कामी आली साम्राज्याच्या आणि व्यापाऱ्यांच्या. पुढे १९६६ मध्ये चार्ल्स काओ यांनी इंग्लंडमध्ये मांडले की, पुरेशा शुद्ध काचेतून प्रकाश संदेश दूरवर नेऊ शकेल. १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने तशी तार बनवली. १९८८ मध्ये अटलांटिकखालून पहिली फायबर केबल सुरू झाली.

भारतात हे काम सरकारी होते. १९८६ मध्ये विदेश संचार निगम स्थापन झाले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी त्यानेच सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. फेब्रुवारी २००२ मध्ये सरकारने त्यातला २५ टक्के हिस्सा आणि कारभार १,४३९ कोटी रुपयांना टाटा समूहाला दिला. त्याच सुमारास जगात फायबरचा फुगा फुटला होता. दोन अब्ज डॉलरहून अधिक खर्चून उभारलेले टायको कंपनीचे सुमारे ६०,००० किलोमीटरचे जाळे याच निगमने, आता टाटांच्या हाताखाली, १३ कोटी डॉलरला घेतले. हा व्यवहार २००४ मध्ये ठरला.

आज क्लाऊड कंपन्यांना अशीच जाळी लागतात. नुसती तार भाड्याने घेऊन यंत्रे स्वतःची लावली, तर ते ‘डार्क फायबर’. तार, यंत्रे, रात्रंदिवस देखरेख, तुटल्यास दुरुस्ती आणि पर्यायी मार्ग हे सगळे पुरवठादाराने सांभाळले, तर ‘मॅनेज्ड फायबर’. म्हणजे ज्याच्या हाती तार, त्याच्या हाती भाडे आणि अटी.

कुणी म्हणेल, सरकारी मक्तेदारीत फोन आणि इंटरनेट महागच होते. खरे आहे. पण खाजगीकरणात आणखी एक गोष्ट गेली. सार्वजनिक उपक्रमाला नोकरभरतीत आरक्षण बंधनकारक असते, खाजगी कंपनीला नाही. देशाची तार विकली, तेव्हा आपल्या पोरांच्या इंजिनिअरच्या खुर्च्याही विकल्या गेल्या. तारेसाठी चर खणण्याचे काम मात्र आपल्या वाट्याला राहिले. त्याला आरक्षण कधीच लागले नव्हते.

हा प्रश्न बाबासाहेबांनी विजेबाबत आधीच विचारला होता. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना, २५ ऑक्टोबर १९४३ च्या भाषणात त्यांनी वीज खाजगी मालकीची असावी की सरकारी, हा मुद्दा समोर ठेवला. त्यांच्या लेखी वीज हा उद्योगीकरणाचा, म्हणजे गरिबीच्या फेऱ्यातून सुटण्याचा मार्ग होता. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, अशी थेट तरतूद सुचवली. आज फायबर हा मूलभूत उद्योग नाही, असे कोण म्हणेल?

आणि हे स्वप्नरंजन नाही. स्टॉकहोम शहराने १९९४ मध्ये स्टोकॅब ही स्वतःची कंपनी काढली. तार शहराची, भाडेकरू सगळ्या कंपन्या, अटी सर्वांना सारख्या. आपल्याकडेही २०११ मध्ये ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर झाली, तीच आजची भारतनेट. तो पैसा जनतेचा आहे.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत विचारा: आपल्या पंचायतीत तार आली का? चालू आहे का? वस्तीतली शाळा आणि वाचनालय तिला जोडले का? आणि शिकणाऱ्या पोरांनो, फक्त मोबाईल वापरायला शिकू नका. तार जोडायला, जाळे चालवायला शिका. सार्वजनिक पैशाच्या प्रत्येक कंत्राटात आपला वाटा मागा. तळ्याचे पाणी कुणाचे, हा प्रश्न आपण महाडला विचारला. आता तारेतला प्रकाश कुणाचा, हे विचारायचे आहे.

जय भीम!