दहा हजारांचं भूत

गेल्या वर्षी वाढदिवसाला भाच्याने माझ्या मनगटावर पट्टा बांधला. "मावशी, रोज दहा हजार पावलं. बघ, अंगदुखी कशी पळते ते!" भाचा लाडका, पट्टा झकास आणि मीही उत्साहात. चौथ्या दिवशी अंथरुणात होते. नुसती दमून नव्हे, मानेपासून घोट्यापर्यंत सगळं ठणकत होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मला सहा वर्षं फायब्रोमायल्जिया आहे. एक्सरेत काही दिसत नाही, रक्तात काही सापडत नाही, पण दुखतं मात्र खरंखुरं.

पडल्यापडल्या दुसरं काही सुचेना, म्हणून हा दहा हजारांचा आकडा कुठून आला ते शोधत बसले. मला वाटलं होतं, कुणीतरी मोठ्या डॉक्टरांनी काढला असेल. कसलं काय! १९६४ साली टोक्योला ऑलिंपिक झालं, जपानात व्यायामाचं वारं शिरलं आणि १९६५ मध्ये यामासा नावाच्या कंपनीने कमरेला अडकवायचं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं. त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. आकडा गोल, लक्षात राहणारा. शिवाय दहा हजारासाठीचं जपानी अक्षर चालणाऱ्या माणसासारखं दिसतं म्हणे. प्रयोगशाळेतून नव्हे, दुकानातून आलेला आकडा आणि माझ्यासारखे त्याच्यामागे धापा टाकतायत!

पुढे २०१९ मध्ये आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १६ हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांची पावलं मोजली. दिवसाला २,७०० च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० वाल्यांचा मृत्युदर बराच कमी निघाला आणि साधारण ७,५०० च्या पुढे फारसा फरक पडेना. अर्थात हा हिशेब आयुष्याचा, दुखण्याचा नव्हे.

पावलं मोजणं मात्र जुनंच. आपल्याकडचे नैनसिंह रावत आठवतात? १८६५-६६ मध्ये ते सर्वेक्षण खात्यासाठी वेश बदलून ल्हासापर्यंत पायी गेले. हातात जपमाळ, पण मणी १०८ नाहीत, १००. दर शंभर पावलांना एक मणी ओढायचा, दोन हजार पावलांचा एक मैल! असो, हे विषयांतर झालं, पण ती माळ पुढे लागणार आहे.

आता दुखण्याकडे येते. १९८४ मध्ये मी नववीत होते. पाण्याचा हंडा उचलताना आईची कंबर धरली. डॉक्टरांनी सांगितलं, सहा आठवडे फळीवर झोपून राहायचं. आईने अक्षरशः पाळलं. आजी येऊन राहिली, मी पोळ्या लाटायला शिकले (नकाशे बरे, असं बाबांचं मत). सहा आठवड्यांनी आई उठली तेव्हा भिंत धरून चालत होती. शाळेत उभं राहून सलग तास घेणं तिला पुन्हा कधी जमलं नाही. पुढच्या वर्षी तिने नोकरी सोडली. आणि मला त्या वयात वाटायचं की आई जरा जास्तच करतेय. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

डॉक्टरांना दोष देऊन काय उपयोग? विश्रांती हेच औषध, हा विचार फार जुना आणि वजनदार. लंडनचे शल्यविशारद जॉन हिल्टन यांची विश्रांती आणि वेदनेवरची व्याख्यानं १८६३ मध्ये पुस्तकरूपात आली आणि पुढे कित्येक पिढ्यांनी ती वाचली. मोडलेल्या हाडाला जे लागू, ते धरलेल्या कमरेलाही लावलं गेलं. नीट तपासून पाहिलं ते १९८६ मध्ये. रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी कंबरदुखीच्या २०३ रुग्णांपैकी काहींना दोन दिवस, काहींना सात दिवस झोपायला सांगितलं. दोन दिवसवाले तितकेच बरे झाले आणि कामावर लवकर परतले. १९९५ मध्ये फिनलंडमधल्या अभ्यासात तर झोपणाऱ्यांपेक्षाही आणि मुद्दाम कंबरेचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही, जमेल तसं रोजचं काम चालू ठेवणारे लवकर सुधारले. आईच्या फळीनंतर दोनच वर्षांनी पहिला अभ्यास आला, हे वाचून मी जरा वेळ स्वस्थ बसले.

ही झाली नव्याने धरलेल्या कमरेची गोष्ट. वर्षानुवर्षं मुरलेल्या दुखण्यासाठी मला कामाचं सापडलं ते सिॲटलच्या विल्बर्ट फोर्डाइस यांचं. हे मानसशास्त्रज्ञ, डॉक्टर नव्हेत. त्यांचं पुस्तक १९७६ चं, म्हणजे फळीच्याही आधीचं! त्यांचं म्हणणं असं: आपण दुखेपर्यंत काम करतो आणि दुखलं की आडवे होतो, म्हणजे सगळी सूत्रं दुखण्याच्या हातात. त्याऐवजी आधी काही दिवस नुसतं मोजा की किती झेपतं. मग त्याहून थोडा कमी कोटा ठरवा, तो झाला की थांबा आणि विश्रांती घ्या, दुखो वा न दुखो. मग हळूहळू वाढवा.

'न दुखो' हे महत्त्वाचं. माझा घात वाईट दिवसांनी कधी केलाच नव्हता. केला तो चांगल्या दिवसांनी. आज बरं वाटतंय म्हणून माळा आवरायचा, पडदे धुवायचे, वर चकल्याही... आणि पुढचे चार दिवस गार!

मग पट्ट्याचं काम बदललं. दोन आठवडे नुसतं मोजलं. सरासरी निघाली २,३००. (कणीक मळतानाही तो पावलं मोजतो, हा भाग वेगळा.) सुरुवात १,८०० वर केली, दर आठवड्याला शंभर वाढवले. भाच्याला लाज वाटेल असा आकडा. पट्टा संध्याकाळी 'अजून थोडं' म्हणून थरथरायचा, ते बंद करून टाकलं. आज सात महिन्यांनी ४,२०० वर आहे. दुखणं गेलेलं नाही. पण सलग चार दिवस अंथरुणात काढल्याला आता तीन महिने होतील.

परवा हे सगळं आईला वाचून दाखवलं, नववीतल्या मुलीच्या कबुलीसकट. ती म्हणाली, "मला माहीत होतं. तू पोळ्या आपटायचीस." मग जरा वेळाने, "म्हणजे फळीवर मी उगाचच झोपले म्हण की!" आणि चष्मा पुसत बसली.

तिला पट्टा नको आहे, मनगटाला टोचतो. पलंगापासून गॅलरीपर्यंत तिची बावीस पावलं होतात. देव्हाऱ्यातली माळ घेतली आहे, एका फेरीला एक मणी. सध्या आठ मण्यांवर आहे, नववा सोमवारपासून. काल बरं वाटत होतं म्हणून नववा ओढायला निघाली होती, मी माळ काढून घेतली.