छायाचित्रांचें धोवण

छायाचित्रणाच्या इतिहासांत कॅमेऱ्याचें व कलावंताचें गुणगान पुष्कळ झालें आहे. परंतु चित्र धुतल्यावर मोरींतून वाहून गेलेल्या पाण्याची वार्ता सहसा कोणी घेत नाहीं. आज त्या पाण्याचीच हकीकत सांगावयाची आहे.

चांदीचे जे क्षार साध्या पाण्यांत विरघळत नाहींत, ते हायपोंत विरघळतात, हें सर जॉन हर्शेल यांनीं १८१९ सालीं दाखविलें. १८३९ सालीं छायाचित्रणाची विद्या जगापुढें आली, तेव्हां चित्र कायम करण्यास हाच गुण उपयोगीं पडला. मुंबईनें ती विद्या त्वरेनें उचलली. १८५४ सालीं येथें फोटोग्राफिक सोसायटी निघाली. १९१३ सालीं दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला; त्यांच्या फिल्मा धुण्याच्या कामीं पत्नी सरस्वतीबाईही राबल्या.

प्रकाश न लागलेली चांदी हायपोबरोबर निघून जाते. रंगीत फिल्मेंतील तर बहुतेक सर्वच जाते. व्यवहारी धंदेवाईकांनीं ती सोडली नाहीं. वापरलेल्या हायपोंतून विजेचा प्रवाह सोडला म्हणजे चांदी पत्र्यावर बसते. लोखंडी तारांच्या गुंत्यांतून तो गाळला, तर लोखंड विरघळतें व चांदी गाळरूपानें उरते. डेव्हलपरच्या नशिबीं मात्र ही आस्था नव्हती. त्यांतील हायड्रोक्विनोन पाण्यांतला प्राणवायु खातें. पण त्यास बाजारांत गिऱ्हाईक नाहीं. चांदीला सोनार भेटला, डेव्हलपरला मोरी!

मोरीची वाट कोठें जाते, हें ऐरोलीच्या रहिवाशांस निराळें सांगावयास नको. ठाण्याची खाडी त्यांच्या दारींच आहे. त्या खाडीचा कांहीं भाग २०१५ सालीं फ्लेमिंगो अभयारण्य झाला व २०२२ सालीं रामसर यादींत गेला. हे पक्षी चिखलांतील सूक्ष्म शेवाळ व बारीक जीव खाऊन राहतात. हायपोशीं बांधलेली चांदी बरीच सौम्य असते. मोकळी चांदी मात्र अशाच बारीक जीवांस अत्यंत विषारी ठरते.

जें विकतां येतें, तें मनुष्य स्वतः होऊन राखतो. जें विकतां येत नाहीं, त्यासाठीं कायदा लागतो. तसा जलप्रदूषणाचा कायदा आपल्या देशांत १९७४ सालीं झाला. म्हणजे सोसायटी निघाल्यावर तब्बल १२० वर्षांनीं.

आतां फिल्म मागें पडली आहे. तथापि क्ष-किरणांच्या कांहीं खोल्यांत व हौशी मंडळींच्या अंधारखोल्यांत ती अजून धुतली जाते. तेथील हायपो व डेव्हलपर निरनिराळ्या बरण्यांत सांठवून अधिकृत संकलन करणाऱ्यांच्या हवालीं करावे. चित्र भिंतीवर शोभतें. त्याचें धोवण शेजाऱ्याच्या पाण्यांत जाऊं नये, एवढी काळजी चित्र काढणाऱ्यानेंच घेतली पाहिजे.