शंभर मीटर आधी

स्टॉकहोमहून सायकल हाणत एव्हरेस्ट गाठायचं, स्वतःचं ओझं स्वतः वाहायचं आणि शिखर शंभरेक मीटरवर असताना मागे फिरायचं! योरान क्रोप या स्वीडिश गड्याने मे १९९६ च्या सुरुवातीला हेच केलं. (आपल्याला साधा रिलीज रोलबॅक करायचा तरी जिवावर येतं.) वर पोचला असता हो, पण खाली उतरायला त्राण उरलं नसतं. रॉब हॉल या कसलेल्या गाईडने त्याचं कौतुक केलं. आणि १० मे ला? परतीची वेळ टळून गेली तरी हाच हॉल आपल्या क्लायंटसाठी शिखरावर थांबून राहिला. नियम माहीत नव्हता थोडाच! त्या वादळात आठ जण गेले, त्यात तोही. क्रोप २३ मे ला पुन्हा चढला आणि पोचला, तेही ऑक्सिजनशिवाय.