सारख्या बंदुका, निरनिराळे वेग

एकाच कारखान्यात घडवलेल्या नेमबाजीच्या दोन रायफली घ्या. नळ्यांची लांबी सारखी, काडतुसे एकाच खोक्यातली. तरीही एकीतून सुटणारी गोळी दुसरीतल्या गोळीपेक्षा सेकंदाला दहा-पंधरा मीटर अधिक वेगाने बाहेर पडते, असे पुष्कळदा आढळते. ८५० ते ९०० मीटरच्या मानाने हा फरक किरकोळ वाटेल. पण हजार यार्डांवरच्या, म्हणजे सुमारे ९१५ मीटरवरच्या लक्ष्यावर तेवढ्यानेच गोळी फूटभर खाली लागते. असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला जवळजवळ पावणेतीनशे वर्षे मागे जावे लागते.

मुळात गोळीचा वेग मोजायचा कसा? गोळी किती दूर गेली ते पाहून अंदाज करता येईल, पण पल्ला हवेच्या विरोधावरही अवलंबून असतो. नळीच्या तोंडाशी असलेला वेग त्यावरून नेमका कळत नाही. ही अडचण इंग्लंडमधील गणिती बेंजामिन रॉबिन्स याने सोडवली. १७४२ साली प्रसिद्ध झालेल्या तोफविद्येवरील ग्रंथात त्याने आपला लंबक वर्णिला. लोखंडी दांड्याला जाड लाकडी फळी बसवून तो टांगायचा आणि फळीवर जवळून गोळी झाडायची. गोळी लाकडात रुतते आणि लंबक मागे झुलतो. किती झुलला, हे त्याला जोडलेली फीत किती ओढली गेली यावरून समजते.

यातले गणित नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना जमण्यासारखे आहे. समजा, ३८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ५०० मीटर वेगाने २५.५ किलोग्रॅमच्या लंबकात रुतली. संवेग अक्षय्य राहतो, म्हणून लंबकाला सुमारे ०.७४ मीटर वेग मिळेल आणि तो जेमतेम २.८ सेंटिमीटर वर चढेल. मोजता न येणारा प्रचंड वेग अशा रीतीने मोजता येणाऱ्या मंद वेगात उतरवला गेला. येथे एक गोष्ट मुलांच्या लक्षात आणून द्यावी. गोळीच्या गतिज ऊर्जेचा केवळ सुमारे पावणेसातशेवा भाग लंबकाच्या वाट्याला येतो. बाकीची ऊर्जा लाकूड फाडण्यात आणि उष्णतेत जाते. म्हणून टक्करीच्या क्षणी गतिज ऊर्जेचा नियम लावला, तर उत्तर साफ चुकते.

रॉबिन्सच्या ग्रंथाचे जर्मन भाषांतर थोर गणिती ऑयलर याने सविस्तर टीपांसह १७४५ साली केले. स्वतः रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा अभियंता म्हणून भारतात आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे वारला.

त्याचा लंबक मोठा करून चार्ल्स हटन याने वुलिच येथे १७७५ पासून तोफगोळ्यांवर प्रयोग केले. त्या काळी गोळा तोंडाकडून भरत, आणि तो ओबडधोबड किंवा गंजलेला असला तरी आत जावा म्हणून नळीपेक्षा थोडा लहान ठेवत. नळी आणि गोळा यांमधली ही फट व्यासाच्या विसाव्या भागाइतकी असे. एवढ्याशा फटीने काय बिघडणार? हटनला आढळले, की दारूच्या जोराचा चौथा ते तिसरा हिस्सा या फटीतूनच वाया जातो! म्हणजे दोन तोफा बाहेरून हुबेहूब सारख्या असल्या, तरी फटीतला बारीक फरक त्यांच्या वेगात उमटणारच.

फट बुजवण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकात यशस्वी झाले. मिनिए याच्या गोळीचे बूड वायूच्या दाबाने फुगून नळीच्या पीळदार खाचांत घट्ट बसे. पुढे मागून काडतूस भरायच्या रायफली आल्या आणि गोळी नळीपेक्षा किंचित मोठीच ठेवता येऊ लागली. वेग मोजण्याचे साधनही सुधारले. बेल्जियमच्या ल बूलाँजे या सैनिकी अधिकाऱ्याच्या उपकरणात गोळी वाटेत दोन तारा तोडते. पहिली तार तुटली की विद्युतचुंबकाला धरलेली कांडी सुटून पडू लागते, दुसरी तुटली की पडत्या कांडीवर खूण होते. कांडी किती पडली यावरून वेळ काढायचा. गॅलिलिओचा पतनाचा नियम असा गोळीचा वेग मोजण्याच्या कामी आला.

फट गेली, तरी फरक मात्र उरला. १८६० साली विम्बल्डन येथे सुरू झालेल्या आणि १८९० पासून बिस्ले येथे भरणाऱ्या ब्रिटिश नेमबाजी स्पर्धांत पुढे ७.६२ मिलिमीटरच्या रायफली आल्या. अनेक सामन्यांत सर्वांना एकाच जातीची काडतुसे मिळत. काडतूस बदलता येत नसल्याने नेमबाजांचे लक्ष नळीकडे वळले, आणि नेहमीपेक्षा काही शतांश मिलिमीटर अरुंद नळ्या बसवण्याची प्रथा पडली. केसाच्या जाडीपेक्षाही कमी अशा या फरकाचा परिणाम कसा होतो?

याचे कारण दारूच्या जळण्यात आहे. दाब वाढला की दारू अधिक वेगाने जळते आणि जलद जळल्याने दाब आणखी वाढतो. आरंभीचा लहानसा फरक त्यामुळे मोठा होतो. नळी किंचित अरुंद असेल तर गोळीला सुरुवातीला अधिक अडथळा होतो, दाब लवकर चढतो आणि वेग बहुधा वाढतो. उलट, काडतुसाची जागा थोडी ऐसपैस असेल, किंवा खाचा थोड्या पुढून सुरू होत असतील, तर वायूला पसरायला जागा मिळते आणि दाब कमी राहतो. नळीचा आतला खडबडीतपणा, तिथे बसलेला तांब्याचा थर आणि हजारो गोळ्यांनी झालेली झीज हीही कारणे आहेतच. ती प्रत्येक नळीत निराळ्या प्रमाणात असतात.

मात्र दोन्ही रायफलींतून एकेक गोळी झाडून निष्कर्ष काढता येत नाही. एकाच रायफलीतल्या लागोपाठच्या गोळ्यांचे वेगही काही मीटरनी मागेपुढे होतात. नेमबाजाला दोन रायफलींमधला कायमचा फरक दृष्टीपट्टी सरकवून भरून काढता येतो. एकाच रायफलीतली ही विखुरण मात्र त्याच्या हाताबाहेर असते.

हे वर्गात दाखवायला बंदुकीची गरज नाही. जाड कागदाच्या, सारख्या लांबीच्या दोन नळ्या करा, एक किंचित सैल. ओल्या कागदाची गोळी त्यांतून मोकळ्या जागेकडे फुंकायला सांगा. श्वास मात्र नळी तोंडाला लावण्याआधीच घ्यावा. प्रत्येकीचे दहा-दहा पल्ले मोजून फळ्यावर लिहा. कोणती नळी सरस ठरली, आणि दोन सरासऱ्यांमधला फरक आकड्यांच्या विखुरणीच्या मानाने किती मोठा आहे, हे मुलांनाच ठरवू द्या. त्यावर वाद झाला, तर आणखी दहा पल्ले मोजायला सांगावेत.